नानांची शेरवानी

नानीच्या चाळिसाव्यानंतर तिची पत्र्याची पेटी उघडली. तिचे रोजचे कपडे आधीच गरजूंना देऊन झाले होते. पेटीत तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेली नानांची लग्नातली शेरवानी निघाली. नाना जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. म्हणजे नानी ती वीस वर्षे सांभाळत होती आणि आम्हाला कुणाला ठाऊक नव्हते.

शेरवानी हिमरूची. काळ्या जमिनीवर मोतिया रंगाचे बुट्टे. औरंगाबादचे नाव आता बदलले, पण हिमरूला लोक अजून औरंगाबादीच म्हणतात. सुताच्या ताण्यावर रेशमाची नक्षी उठवलेले हे कापड. किमख्वाब ज्यांना परवडत नसे त्यांचे किमख्वाब म्हणा ना. 1327 मध्ये तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तिच्याबरोबर विणकर आले, आणि राजधानी परत गेली तरी ते इथेच राहिले, अशी कथा लहानपणी नानांकडूनच ऐकलेली. नाना स्वतः विणकर नव्हते, शहागंजला त्यांचे किराणा दुकान होते. पण निकाहला हिमरूच घालायचा हा त्यांचा हट्ट होता, असे नानी सांगायची.

काखेत कापड विरले होते, एका बाहीला कसर लागली होती. गळ्याशी अत्तराचा तपकिरी डाग. बाकी पाठ मात्र धडधाकट. मी म्हणाले, हिची माझ्या मुलीसाठी सदरी शिवू. भाईजान एकदम भडकला. "नानांची वस्तू आहे, तिला कात्री लावणार? ठेव तशीच." अम्मी म्हणाली, "तशीच रखी थी ना, कीड़े खा रहे." पण तिचाही जीव होत नव्हता हे दिसत होते. शेवटी मी ती पुण्याला घेऊन आले. भाईजान त्यानंतर सहा महिने माझ्याशी कामापुरतेच बोलला.

आणि त्या सहा महिन्यांच्या सुरुवातीलाच मी ती शेरवानी जवळजवळ घालवली.

झाले असे की मास्टरकडे न्यायच्या आधी ती धुवावी असे मला वाटले. कोंढव्यात आमच्याकडे टँकरचे पाणी. टब भरला, नेहमीची पावडर चमचाभर टाकली, शेरवानी बुडवली. ओली होताच तिच्यातून वास उठला. घाम, हिना अत्तर, लाकडी पेटी आणि थोडासा नानांच्या दुकानातला गूळ. गूळ कदाचित माझ्या मनातला असेल. मी तिथेच मोरीत बसून राहिले. वास घेत बसले म्हणून उशीर झाला, हे खरे कारण. खाली पाहिले तर पाणी रूह अफजासारखे झालेले.

हिमरूचा रंग सुटला नव्हता, अस्तराचा सुटला होता. आत लाल सुती अस्तर होते. हिमरू उलटे करून पाहिले असते तर अस्तर का लावतात ते लगेच कळले असते. नक्षीचा रेशमी धागा जिथे वर दिसत नाही तिथे तो मागून तसाच सुटा पुढे जातो. अंगठी, बांगडी, नख कशातही अडकतो आणि ओढला की वरचा बुट्टा आक्रसतो. त्या सुट्या धाग्यांना झाकायला अस्तर. पण ते स्वस्त कापड, रंग कच्चा, आणि अर्धशतकात त्याला कुणी पाणी दाखवलेलेच नव्हते.

अम्मीला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, "अस्तर खोली थी क्या?" मी गप्प. मग म्हणाली, "सुखाना नक्को. पानी बदलती रह." उतरलेला रंग ओला आहे तोवर काही प्रमाणात निघतो, एकदा वाळला की बसला. मी अकरा वेळा पाणी बदलले. मधे कुणीतरी ग्रुपवर सांगितले म्हणून मीठ टाकले, मग सिरका टाकला. दोन्हींनी काही झाले नाही. अम्मीने फोन चालू ठेवून ओल्यातच अस्तराचे टाके एकेक उसवायला लावले. ओले रेशीम वाळल्यापेक्षा नाजूक असते, तेव्हा ओढायचे नाही, ब्लेडच्या टोकाने फक्त दोरा कापायचा. रात्री दीड वाजता अस्तर वेगळे झाले. पाठ वाचली, बाह्या वाचल्या. समोरच्या उजव्या पाख्याचे मोतिया बुट्टे मात्र खालून वीतभर गुलाबी झाले. भाईजानला हे कळवले नाही.

पावडरही चुकलीच होती. डाग खाणाऱ्या बऱ्याच पावडरींत एन्झाइम असतात. त्यातली काही प्रथिने तोडतात, अन्नाचे आणि रक्ताचे डाग त्यामुळेच निघतात. रेशीम, लोकर हीसुद्धा प्रथिनेच. म्हणजे मी नानांच्या शेरवानीला डाग समजून तिच्यावर ते सोडले होते.

मे महिन्यात सगळे तुकडे घेऊन औरंगाबादला गेले. अम्मीने धुवायची सूत्रे स्वतःकडे घेतली. मूठभर रिठे फोडून, बिया काढून रात्रभर भिजत घातले, सकाळी उकळून गाळून घेतले. घरी बोअरचे जड पाणी. साबण त्यात फेसाळत नाही, उलट कापडावर पांढरा थर धरतो. रिठ्याचे तसे होत नाही. आधी प्रत्येक रंगाची परीक्षा घेतली. शिवणीत लपलेल्या जागी दोन थेंब पाणी टाकले आणि वर पांढरा रुमाल थोडा वेळ दाबून धरला. काळ्याची किंचित छटा आली. म्हणून काळी जमीन फार वेळ भिजवायची नाही, थंड पाण्यात बुडवायचे, तळव्याने हलके दाबायचे, काढायचे. घासणे नाही, पिळणे नाही.

पिळायचे नाही म्हटल्यावर मी गंमतीने विचारले, मग पाक कसे होणार? मदरशात शिकवले होते तीनदा धुवा, तीनदा पिळा. अम्मी म्हणाली, अर्धेच शिकलीस. हनफी मसल्यात पुढेही आहे. जे पिळता येत नाही ते प्रत्येक वेळी ठिबकणे थांबेपर्यंत तसेच ठेवायचे, मग पुन्हा धुवायचे. तसेच केले. दोरीवर टांगले असते तर पाण्याच्या वजनाने कापड ताणले गेले असते, म्हणून सावलीत बाजेवर पांढरी चादर घालून त्यावर आडवे पसरले. त्या फुफाट्यात दुपारपर्यंत वाळले. इस्त्री उलट बाजूने, मधे मलमल ठेवून, मंद.

गळ्याचा अत्तराचा डाग गेला नाही. अम्मीने एकदाच बोट फिरवून सोडून दिला. जुन्या रेशमावरचा डाग काढायला जावे तर डागाऐवजी कापडच निघते. तेव्हापासून घरातल्या पोरांना मी सांगते, अत्तर मनगटाला लावा, कपड्याला नाही. कुणी ऐकत नाही. वास मात्र गेला, पूर्ण गेला. आता कापडाला नुसता रिठ्याचा उग्रसर वास येतो. अम्मीने तुकडा नाकाशी नेला आणि काही न बोलता खाली ठेवला. मीही विचारले नाही.

सदरी पाठीच्या कापडातून निघाली. कसर लागलेला भाग शहागंजच्या एका म्हाताऱ्या रफूगराने भरून दिला. धागा त्याने शेरवानीच्याच शिवणीच्या आतून काढला, म्हणून जोड ओळखू येत नाही. अस्तर पांढऱ्या मलमलचे, शिवायच्या आधी दोनदा धुतलेले. सदरी आता धुतलेल्या मलमलमध्ये असते. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आत दमट होऊन कापड पिवळे पडते. सोबत वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांची पुरचुंडी. तीन-चार महिन्यांनी उघडून घडी बदलते, नाहीतर रेशीम घडीवरच चिरते. नानीने वीस वर्षे तेवढे एकच केले नव्हते.

मुलगी ईदला सदरी घालून भाईजानकडे गेली आणि पहिल्या दहा मिनिटांत तिच्यावर शीरखुर्मा सांडला. भाभी ओला फडका घेऊन घासायला धावली. भाईजाननेच तिचा हात धरला. "घासू नको, टिपून घे," म्हणाला. हे त्याला अम्मीने कधी सांगितले कुणास ठाऊक.

जाताना त्याने विचारले, कापड उरलेय का, त्याच्या मुलाला टोपी शिवायची आहे. उरलाय तो उजवा पाखा, गुलाबी झालेला. काय झाले होते ते तेव्हा पहिल्यांदा सांगितले आणि फोनवर फोटो दाखवला. तो बराच वेळ मोठा करून पाहत होता. अजून हो-नाही काही कळवलेले नाही.