नकलेवरची पेन्सिल

मूळ कागद आणि नक्कल यांतला भेद महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या माणसास शिकवावा लागत नाही. मूळ खसरा दप्तरात असतो. त्यावर परवानगीवाचून कोणी शाईचा ठिपका जरी वाढविला तरी प्रकरण चौकशीपर्यंत जाते. परंतु रीतसर शुल्क भरून मिळालेली नक्कल अर्जदार घरी नेतो, तिच्या समासात पेन्सिलीने बेरजा मांडतो, आपल्या हिश्शाखाली रेघ ओढतो. दप्तरातल्या मूळ नोंदीस त्याने काडीचाही धक्का लागत नाही. सेवानिवृत्तीनंतर संगणकाशी आमची नित्याची गाठ पडली, तेव्हा ब्राउझर नावाच्या वस्तूचे मर्म आम्हांस याच दाखल्याने उमगले.

आमच्या पिढीतील बहुतेकांची समजूत अशी की, पडद्यावर उमटलेले पान हे दूरदर्शनच्या चित्रासारखे असते; जसे आले तसे पाहावे. वस्तुस्थिती निराळी आहे. कोठेतरी दूरच्या यंत्रात मूळ पान असते. आपण पत्ता लिहिला की त्या पानाची एक नक्कल आपल्या यंत्रात येते आणि ब्राउझर ती वाचून पडद्यावर मांडतो. म्हणजे आपल्यासमोर असते ती आपली नक्कल. तिच्यावर पेन्सिल चालविण्याची सोयही त्याच ब्राउझरमध्ये आहे. तिला स्क्रिप्ट म्हणतात. स्क्रिप्ट म्हणजे क्रमाने लिहिलेल्या थोड्या आज्ञा. पानातील अमुक शब्द शोध, त्यापुढे तमुक लिही, ही यादी अशा क्रमाने लाव, एवढेच तिचे स्वरूप.

या आज्ञांची भाषा जावास्क्रिप्ट. १९९५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आईक यांनी तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला. प्रथम तिचे नाव मोका होते, मग लाइव्हस्क्रिप्ट झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जावास्क्रिप्ट. त्या काळी गाजत असलेल्या जावा या दुसऱ्या भाषेशी तिचे नाते नावापुरतेच. १९९७ साली तिचे प्रमाणित स्वरूप प्रसिद्ध झाले. आज कोणताही नामांकित ब्राउझर घ्या, ही भाषा त्यात मुळातच असते. वेगळे काही बसवावे लागत नाही. एखादे पान उघडले असता त्याच्या कर्त्याने लिहिलेल्या स्क्रिप्टा आपोआप चालतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. आपण स्वतः लिहिलेली स्क्रिप्टही त्याच पानावर चालविता येते, ही गोष्ट फार थोड्यांच्या कानी पडलेली असते. आमच्याही पडली ती गरजेपोटी.

इंदुरातील आमच्या सभेच्या ग्रंथालयात सुमारे १,१०० जुने मराठी ग्रंथ आहेत. त्यांची यादी काही वर्षांपूर्वी महाजालावर चढविण्यात आली. यादी उत्तम, परंतु तिच्यात दोन उणिवा होत्या. जुन्या ग्रंथांवर प्रकाशनवर्ष शकात छापलेले. नव्या वाचकास शके १८२० म्हणजे नेमके केव्हा, हे चटकन उमगत नसे. दुसरी उणीव लेखकांच्या क्रमाची. काळे हे कासारांच्या आधी बसलेले आणि क्षीरसागर चक्क ‘क’च्या शेपटाला लटकलेले. ज्या कंपनीने ते पान बांधून दिले तिला आम्ही दोनदा पत्र धाडले. तशी सोय आमच्या रचनेत नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले.

पुण्याहून आलेल्या आमच्या भाच्याजवळ हे गाऱ्हाणे निघाले. तो म्हणाला, ‘मामा, मूळ पान दुरुस्त होईल तेव्हा होईल. तुम्हांला ते नीट दिसले म्हणजे झाले ना? मग उघडा आहे तो ब्राउझरच पुरे.’

‘अरे, पण त्यासाठी प्रोग्राम कोठून आणायचा?’

‘आणायचा नाही आणि बसवायचाही नाही. वाचनखूण करायची, तिच्यात पत्त्याच्या जागी आज्ञा लिहायच्या, आणि पान उघडे असताना ती खूण दाबायची.’

इतकीच ती युक्ती. आपण आवडत्या पानाची वाचनखूण, म्हणजे बुकमार्क, करून ठेवतो तेव्हा तिच्या पोटात त्या पानाचा पत्ता असतो. पत्त्याऐवजी आरंभी रोमन लिपीत जावास्क्रिप्ट हा शब्द आणि पुढे अपूर्णविरामाची दोन टिंबे लिहिली, की ब्राउझर पुढील मजकूर पत्ता न समजता आज्ञा समजतो आणि समोरच्या पानावर त्या बजावतो. अशा खुणेस बुकमार्कलेट म्हणतात.

पहिली स्क्रिप्ट शकाची. ‘शके’ हा शब्द आणि त्यापुढील चार अंक शोधावेत, त्यांत ७८ मिळवावेत, आलेला सन कंसात लिहावा, असा बेत. तेथे पहिली गंमत कळली. देवनागरी अंकांना ही भाषा अंक मानीतच नाही. तिच्या लेखी ती नुसती अक्षरे. युनिकोड या जागतिक वर्णसंचात देवनागरीच्या पट्ट्यास १२८ घरे दिलेली आहेत, २३०४ पासून २४३१ पर्यंत. त्यांत आपल्या शून्याचा क्रमांक २४०६, तर रोमन लिपीसोबत येणाऱ्या शून्याचा ४८. अंतर २३५८. पुढील नऊ अंकांचेही अंतर तेवढेच. म्हणून आधी प्रत्येक अंकातून २३५८ वजा करावयाचे, मग बेरीज करावयाची, आणि उत्तर देवनागरीत हवे असल्यास तेवढेच परत मिळवावयाचे. शकाचे वर्ष चैत्रात पालटते, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात. यादीत महिना नव्हता. सबब स्क्रिप्ट ‘१८९८-९९’ असे जोडवर्ष लिहिते.

विक्रम संवताच्या वाटेस मात्र आम्ही तिला जाऊ दिले नाही. माळव्यात संवत् चैत्रात बदलतो, गुजराती रीतीने तो कार्तिकात बदलतो. आषाढ संवत् १९५५ असे छापले असेल, तर इंदूरच्या छापखान्याच्या हिशेबी ते १८९८ आणि गुजराती पंचांगाच्या हिशेबी १८९९. ग्रंथ कोणत्या गावी, कोणत्या रीतीने छापला, हे पाहून ठरवावयाची ती बाब आहे. तेथे माणूसच हवा.

दुसरी स्क्रिप्ट क्रमाची. यंत्रास भाषा न सांगता यादी लावावयास सांगितली, तर ते केवळ घरांचे क्रमांक पाहते. युनिकोडात ‘ल’ २३५४ वर आणि ‘ळ’ लगेच २३५५ वर. म्हणून काळे हे कासारांच्या पुढे उभे राहतात. ‘क्ष’ला तर स्वतंत्र घरच नाही. तो क, हलन्ताचे चिन्ह आणि ष यांच्या जुळणीने होतो, म्हणून त्याची गणना ‘क’मध्ये. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ अगदी अखेरीस. आम्हांस वाटले, हा क्रम यंत्रास एकेक अक्षर घेऊन शिकवावा लागणार. तसे काही करावे लागले नाही. निरनिराळ्या भाषांचे क्रम लावण्याची सोय २०१२ साली प्रमाणित झाली, आणि मराठीचा क्रम त्या ज्ञानभांडारात आधीच नोंदविलेला आहे. क्रम लावण्याच्या आज्ञेत मराठीची खूण म्हणून ‘एम’ आणि ‘आर’ ही दोन रोमन अक्षरे लिहिली, आणि काळे, क्षीरसागर, ज्ञानसागर सारे आपापल्या जागी जाऊन बसले. आपली भाषा यंत्रात होती. तिची विचारणा कोणी केली नव्हती.

दोन्ही स्क्रिप्टा मिळून वीस ओळींच्या आत आहेत. त्यांनी केलेला बदल आमच्याच पडद्यावर दिसतो. पान पुन्हा उघडले की पूर्ववत् होते, खूण पुन्हा दाबावी लागते. काही संकेतस्थळे अशा खुणांस मज्जाव करतात, तेथे त्या चालत नाहीत. हे सारे मान्य. तरी प्रत्येक लहान सोयीसाठी अर्ज घेऊन खिडकीपुढे उभे राहण्याची सवय लागलेल्या आपणा लोकांस, आपल्या हातातील नक्कल आपणच वाचनीय करू शकतो हा अनुभव मोलाचा वाटला.

येथवरची बाजू समाधानाची. तिची दुसरी बाजू गेल्या पावसाळ्यात आमच्या दारी आली. शेजारच्या घरातील कॉलेजात जाणारा मुलगा संगणक घेऊन आमच्याकडे आला. त्यास मित्राकडून संदेश आला होता : आपले खाते उघडा, एफ बारा ही कळ दाबा, जी चौकट उघडेल तिच्यात सोबतचा मजकूर चिकटवा, म्हणजे तुमची छायाचित्रे कोण चोरून पाहते ते कळेल. ‘आजोबा, ही चौकट उघडत नाही, तुम्हांला स्क्रिप्टचे कळते ना?’ असे त्याने विचारले.

आम्ही म्हणालो, ‘चौकट उघडू. आधी यात काय लिहिले आहे ते सांग.’

‘ते माहीत नाही. पण वर्गातले सगळे करताहेत.’

मजकूर आम्ही पाहिला. अक्षरे आणि अंक यांचा अखंड गिचमिडकाला. कोणास वाचता येऊ नये याच हेतूने केलेला. त्यातील अर्थ आम्हांसही लागला नाही, आणि तो न चिकटविण्यास एवढे कारण पुरेसे होते.

मुलास समजावून सांगताना नकलेचा दाखला आम्हांस थोडा वाढवावा लागला. ज्या पानात आपण आपल्या नावाने प्रवेश केलेला असतो, तेथे स्क्रिप्ट आपले मुखत्यारपत्र घेऊन वावरते. शेजारच्या खिडकीतील दुसऱ्या संकेतस्थळाचे पान तिला सहसा वाचता येत नाही, परंतु या पानात आपण जे जे करू शकतो ते ते ती आपल्या नावाने करू शकते. संदेश वाचील, संदेश धाडील, मित्रांना हाच मजकूर पाठवील. नकलेवर पेन्सिल फिरविणारा हातच मूळ दप्तराकडे आपल्या सहीचा अर्ज पाठवू शकतो. ब्राउझरकर्त्यांस हा धोका ठाऊक आहे. म्हणून पत्त्याच्या पट्टीत अशी आज्ञा चिकटविली, तर प्रमुख ब्राउझर आरंभीचा जावास्क्रिप्ट हा शब्दच गाळून टाकतात. फायरफॉक्स त्या चौकटीत काही चिकटविण्यापूर्वी आपल्या हाताने संमतीचे शब्द टंकावयास लावतो. फेसबुकने तर तेथे ठळक अक्षरांत थांबण्याचा इशाराच लिहून ठेवला आहे. पण जो न वाचताच चिकटवावयास निघाला, तो इशाराही न वाचता पुढे जाणार.

कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये, हा धडा नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वरिष्ठांनी दिला होता. पटवाऱ्याने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवून जमीन घालविलेली माणसे पुढे आम्ही आमच्या दालनात रडताना पाहिली. त्यांचा दोष एवढाच की कागद वाचता येत नव्हता, आणि वाचून दाखविणारा विश्वासाचा नव्हता.

आपल्या जुन्या घराण्यांना हे वेगळ्या रीतीनेही परिचित आहे. होळकरशाहीतील किती कुटुंबांच्या पेटाऱ्यात मोडीतील सनदा आणि वाटणीपत्रे अद्याप आहेत! विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरात एखादे आजोबा तरी मोडी वाचीत. मग शाळांतून मोडी गेली, आजोबा गेले, आणि कागद आपले असूनही त्यांत काय आहे हे दुसऱ्याने सांगावे तेव्हा कळू लागले. कागद गहाळ झाले नाहीत, वाचणारा गेला. स्क्रिप्टच्या बाबतीत तेच आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. आपल्या नातवंडांच्या हातून दिवसभरात असंख्य आज्ञा चालतात आणि त्यांतील एकही त्यांनी वाचलेली नसते. प्रत्येकाने संगणकशास्त्री व्हावे असे नव्हे. पूर्वी घरटी एक मोडी जाणणारा असे, तसा आज्ञांच्या दहा-वीस ओळी वाचू शकणारा घरटी एक असला तरी पुष्कळ. मॅट्रिकपर्यंतचे इंग्रजी आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर आम्हांस साठीनंतर ते साधले, मग तरुणांस काय अवघड?

सभेच्या ग्रंथालयातील संगणकावर आम्ही त्या दोन वाचनखुणा करून ठेवल्या आहेत. शेजारी भिंतीवर एक कागद लावला आहे. त्यावर दोन्ही स्क्रिप्टा जशाच्या तशा असून प्रत्येक ओळीपुढे तिचा मराठी अर्थ दिला आहे. शेजारचा तो मुलगा हल्ली रविवारी तेथे येतो. संवताचा प्रश्न सोडविता येईल का, यावर त्याचा विचार चालू आहे. कागदाच्या तळाशी नियम एकच लिहिला आहे : हा कागद वाचल्यावाचून खूण दाबू नये.