अवतरणचिन्हांतले वाक्य

दादांच्या वर्षश्राद्धाला घरापुरती एक लहानशी स्मरणिका काढावी, असे ठरले. दादा बडोद्यातील एका शाळेत मराठी शिकवीत. त्यांच्या मागे राहिलेल्या वह्यांपैकी एकीच्या पहिल्या पानावर त्यांनी एकच वाक्य लिहून ठेवले होते : “मीठ किती, हें आचाऱ्यास पुसावें; भूक किती, हें आपणास.” पंगतीत कोणी आग्रहाला बळी पडून पान भरून घेतले की दादा हे वाक्य हमखास म्हणत. आमच्या दांडिया बाजारातल्या घरात ते इतके रुळले होते की, ते दादांचेच, याविषयी कोणास कधी शंका आली नाही. इंदूरच्या पुतण्याने स्मरणिकेचे पहिले पान जुळवून पाठविले, तेव्हा वाक्याखाली त्याने दादांचे नाव घातले होते आणि दोन्ही बाजूंची चिन्हे काढून टाकली होती.

ती चिन्हे नाहीशी झालेली पाहून मला प्रथम त्यांचे असणे जाणवले. दुसऱ्याचे बोल घ्यायचे तर त्यांना कुंपण घालून घ्यावेत, हा दादांचा वर्गातला दंडक होता. मग त्यांनी स्वतःच्या वाक्याला कुंपण का घालावे? वही पुन्हा उघडली, तो आणखी एक खूण दिसली. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार गेले. दादांची उरलेली सगळी वही त्या नव्या वळणाची आहे. या एकाच वाक्यात मात्र ‘हें’ आहे, ‘पुसावें’ आहे. कुठल्यातरी जुन्या छापील पानावरून अनुस्वारासकट ते उतरून घेतले असावे, असे वाटू लागले.

आईला हे सांगितले तेव्हा तिचा चेहरा उतरला. “पन्नास वर्षं ते म्हणत होते, ते काय उसनं होतं?” एवढेच ती बोलली. तिला खरे उत्तर द्यायचे, तर ते शोधूनच द्यायला हवे होते.

मी संगणकापुढे बसलो आणि शोधयंत्राला ते वाक्य जसेच्या तसे दिले. मीठाचे गुणदोष आले, आचार्यांची प्रवचने आली. वाक्य आले नाही. पुतण्या दूरध्वनीवर हसून म्हणाला, “काका, स्वल्पविराम, अर्धविराम कशाला घालता? ते त्याला दिसतच नाहीत.” पुढे थोडे वाचल्यावर कळले की त्याचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. अशी यंत्रे पुष्कळशी विरामचिन्हे मोकळ्या जागेसारखी मानतात. मला गंमत वाटली. आपल्या जुन्या मोडी दफ्तरांत विरामचिन्हे नव्हतीच. शब्दही एकमेकांना चिकटलेले असत. ही चिन्हे मराठीत रुळली ती इंग्रजी अमदानीत. मेजर थॉमस कँडी यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चे. दादांसारख्या किती शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या तांबड्या शाईने जी चिन्हे मुलांच्या हाती बसविली, ती नव्या युगाच्या यंत्राने पुन्हा केरासारखी झाडून टाकावीत!

एका चिन्हाला मात्र यंत्र मान देते. शब्दांच्या दोन्ही बाजूंस दुहेरी अवतरणचिन्हे घातली की तेच शब्द त्याच क्रमाने शोध, असा त्याचा अर्थ ते घेते. दादांनी घातलेले कुंपण मी पुन्हा घातले. उत्तर कोरे आले.

दोष माझ्याकडेही असू शकेल, म्हणून एक परीक्षा घेतली. पुतण्याने पाठविलेल्या स्मरणिकेच्या मजकुरातच ‘आचाऱ्यास’ हा शब्द शोधला. डोळ्यांसमोर दिसत असलेला शब्द संगणकाला सापडेना! कारण समजून घ्यायला एक संध्याकाळ गेली. मराठीतला हा अर्धा ‘र’ दोन वाटांनी उमटविता येतो. एका वाटेने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या वाटेने साधा ‘र’ घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढे एक अदृश्य सांधा ठेवतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या पोटात ती निराळी असतात. मी पहिल्या वाटेने गेलो होतो, पुतण्या दुसरीने. तो अदृश्य सांधा कोणी गाळला, तर आचाऱ्याचा आचार्य होतो आणि मीठ किती घालावे, हे शंकराचार्यांना विचारावे लागते. माझ्यापुढे प्रवचने का आली असावीत, याचा तेव्हा उलगडा झाला.

मग शोधाची रीत बदलली. अख्खे वाक्य न देता, अर्धविरामाच्या अलीकडचा तुकडा वेगळा दिला, पलीकडचा वेगळा. अनुस्वार ठेवून पाहिले, काढून पाहिले. अनुस्वार हा विराम नव्हे. तो अक्षराचाच भाग, म्हणून ‘हें’ आणि ‘हे’ हे दोन शब्द ठरू शकतात. आचाऱ्याला दोन्ही वाटांनी बोलावले. शेवटी त्याला वगळून ‘भूक किती हें आपणास’ एवढेच विचारले. काही हाती लागले नाही.

तरी न सापडणे म्हणजे नसणे नव्हे. यंत्र शोधते ते अक्षरांत उतरलेल्या मजकुरात. जुन्या पुस्तकाचे पान नुसते चित्र म्हणून साठविले असेल, तर त्यातले वाक्य त्याच्या दृष्टीने काळे ठिपके होत. चित्रावरून यंत्राने अक्षरे ओळखून घेतली, तरी झिजलेल्या खिळ्यांचा अनुस्वार म्हणजे कागदावरचा डाग, असे त्याला वाटू शकते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभारले. दादांचे तरुणपण तिथल्या कपाटांत गेले. कदाचित ते पान तिथेच कुठेतरी मिटून असेल. एखाद्या वाचकाला ते कधी भेटेलही.

पंधरा दिवसांनी मी आईसमोर वही ठेवली आणि म्हटले, “वाक्य कुणाचं, ते कळलं नाही. दादांचं नसेलच, असंही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्यांनी ही चिन्हं घातली आहेत.”

आईने चष्मा लावला. त्या चार लहान रेघांवरून तिने बोट फिरविले. बऱ्याच वेळाने म्हणाली, “त्यांनी घातली असतील, तर ते त्यांचं नाही. उगाच चिन्ह घालणारे ते नव्हते.” आणि थोडे थांबून, “नाव काढ. चिन्हं मात्र राहू देत.”

स्मरणिकेचे पहिले पान तसेच छापले : वाक्य अवतरणचिन्हांत, जुन्या अनुस्वारांसकट, खाली ‘दादांच्या वहीतून’ एवढेच शब्द. पुतण्याला मी बजावून सांगितले होते की, यंत्राला दिसो वा न दिसो, स्वल्पविराम आणि अर्धविराम जिथल्या तिथे राहिले पाहिजेत. श्राद्धाच्या दिवशी पंगत बसली. वाढप्याने आग्रह केला, तेव्हा आईने पानावर हात आडवा धरला आणि ते वाक्य म्हटले. मधल्या अर्धविरामाशी ती थांबली, नेमकी दादा थांबत तेवढीच.