कॅमेरा कोणाकडे?



२०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझी भाची चंद्रपूरला आमच्याकडेच अडकली होती. ती एमबीबीएसला. एका खोलीत मी पहिलीच्या मुलांना व्हॉट्सॲपवर 'क' गिरवायला शिकवायचे, दुसऱ्या खोलीत तिचा सोनोग्राफीचा ऑनलाइन वर्ग चालायचा. मला हसूच आलं. पेशंट नाही, मशीन नाही, आणि सोनोग्राफी?

"काहून हसतेस मावशी? तू तरी काय करतेस?" ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

मग तिने समजावून सांगितलं. आपल्या कानाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटाच्या सोनोग्राफीत २० ते ५० लाख कंपनांचा आवाज आत सोडतात आणि त्याच्या प्रतिध्वनीचं चित्र पडद्यावर उमटतं. मध्ये हवा आली तर आवाज तिथूनच परत फिरतो, म्हणून ते गार जेल लावायचं. एवढं सगळं व्हिडिओवर छान कळतं. पण हातातला प्रोब जरासा कलला की पडद्यावरची किडनी गायब! तो सरकवायचा किती, फिरवायचा किती, हे हातालाच कळावं लागतं. बरं, सरावाला मशीन घरी आणता येत नाही. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याने मशीनची नोंदणी सक्तीची आहे. ते योग्यच आहे म्हणा.

मग हिचा सराव कशावर? उशीवर! खोडरबर हा प्रोब. फोन स्टुलाला उलटा बांधलेला, कारण तिच्या मॅडमनी सांगितलं होतं, "मला तुझा चेहरा नको, हात दाखव." मॅडम तिकडून सांगायच्या, "करंगळी टेकव, म्हणजे हात घसरणार नाही."

मी दारात उभी राहून ऐकत होते. दोन आठवडे मी माझ्याच हाताचे व्हिडिओ पाठवत होते. मुलांकडून यायचा तो वहीचा फोटो. म्हणजे अक्षर दिसायचं, ते काढताना काय झालं ते नाही. त्याच संध्याकाळी पालकांना मेसेज टाकला: वही नको, लिहिताना हाताचा व्हिडिओ पाठवा.

रोवणीचे दिवस. फोन बाबांसोबत बांधीत जायचा, व्हिडिओ रात्री यायचे. सगळ्यांकडे फोनही नव्हता. पण आले त्यांतून कळलं की एक मुलगी दांडा खालून वर ओढते. एका मुलाची वही फारच सुंदर असायची, ती त्याची ताई लिहायची! मी त्याला 'शाब्बास' देऊन बसले होते.

आपल्या गडचिरोलीत हे आधीच झालेलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९९५ ते ९८ मध्ये ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. प्रशिक्षण झालं की संपलं असं नव्हतं, गावात जाऊन त्यांचं काम तपासलं जायचं. बाळाचे श्वास मोजायला त्यांनी मण्यांचं साधन केलं होतं. सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनियाची शंका. आपल्या मणीमाळेचीच बहीण की!

भाचीला पुढे खरा प्रोब हातात मिळाला. तिचा फोन आला. "मावशी, करंगळी बरोबर टेकली गं. पण मी इतकं दाबलं की पेशंट आजी ओरडल्या." किती दाबायचं हे उशी सांगत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये आमची शाळा उघडली. तो 'सुंदर वही'वाला आता दुसरीत. पहिल्याच ओळीला त्याच्या पेन्सिलचं टोक मोडलं, कागदही फाटला. त्याचे व्हिडिओ मी कितीतरी वेळा पाहिले होते, पण तो एवढा जोर लावतो हे एकदाही दिसलं नव्हतं. त्याच्या शेजारी बसले, त्याच्या मुठीवर हात ठेवला. मूठ दगडासारखी घट्ट होती. "सैल सोड बाळा," म्हटलं. तिसऱ्या 'क'ला जरा सैल झाली.