क्लच गेला, जाळला की झिजला?

प्रयोग शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे रामाने आंबा खाल्ल्याचीच उदाहरणे देत आलो. गेल्या सोयाबीनच्या हंगामात मात्र एक उदाहरण आपणहून आमच्यापुढे येऊन उभे राहिले, आणि त्यात एका विद्यार्थ्याची वर्षभराची फी अडकलेली होती.

आम्ही दोघे वाशीम जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम.ए.च्या वर्गातला आमचा एक विद्यार्थी ऑक्टोबर लागला की दिसेनासा होतो. गावातल्या एका मालकाची पिकअप तो चालवतो. खळ्यावरचे सोयाबीन बाजार समितीत पोचवणे हे त्याचे काम. ऐन हंगामात गाडीचा क्लच संपला. मीटरवर ४२ हजार किलोमीटर होते. मालक म्हणाले, "क्लच लाखभर चालतो. ड्रायव्हरने क्लच जाळला." विद्यार्थ्याचे म्हणणे एवढेच, "मालक, क्लच गेला." आणि गॅरेजमधल्या मिस्त्रीने निर्विकारपणे सांगितले, "प्लेट झिजली." पैसे अर्थातच विद्यार्थ्याच्या पगारातून कापले गेले.

वस्तुस्थिती एक आणि क्रियापदे तीन! पहिले वाक्य कर्मणी प्रयोगाचे, त्यात 'ने' लागलेला ड्रायव्हर कर्ता म्हणून पकडला जातो. उरलेली दोन कर्तरी प्रयोगाची. त्यांत कर्तेपण निर्जीव क्लचकडे आणि प्लेटकडे जाते आणि माणूस वाक्यातून निसटतो. व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही वाक्ये निर्दोष आहेत. खरे कोणते, हे ठरवायला मात्र व्याकरण अपुरे पडते; त्यासाठी आम्हांला गॅरेजमध्येच जावे लागले.

तिथे कळले ते असे. इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लचप्लेट दाबून धरलेली असते. पेडल दाबले की ती सुटते, सोडले की पुन्हा धरली जाते. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांचा वेग जुळेपर्यंत ती घासते, तापते. घर्षण सोसून इंजिन आणि गिअरबॉक्स यांना धक्क्यापासून वाचवणे हेच तिचे काम. थोडक्यात, ती झिजण्यासाठीच घडवलेली असते.

मग ती टिकते किती? सर्वसाधारण वापरात ८० हजार ते १ लाख किलोमीटर, अशी गॅरेजमधली अपेक्षा. लांबच्या मोकळ्या रस्त्यावर ती दीड लाखही ओलांडते आणि जड भाराखाली ४०-५० हजारांत संपते. कारण उघड आहे : क्लच झिजतो तो अंतराने नव्हे, सुरुवातींनी. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. त्यावर कारंज्याजवळ चढलेल्या गाडीला नागपूरपर्यंत क्लचची गरज क्वचितच पडते. उलट, बाजार समितीच्या फाटकापुढच्या रांगेत भरलेली गाडी हात-हातभर पुढे सरकते. शंभर मीटरांत तीस वेळा क्लच घासतो आणि मीटर मात्र शंभरच मीटर मोजते. अकोल्याहून खत भरून परतताना पातूरचा घाट लागतो. तिथे पुढचा ट्रक अडला की चढावर पुन्हा गाडी उचलावी लागते.

त्यात भाराची भर. गाडी थांबल्या जागेवरून हलवताना क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता वजनाच्या प्रमाणात वाढते. रिकाम्या गाडीच्या वजनाइतकाच माल भरला, तर प्रत्येक सुरुवातीला ती दुप्पट होते. या गाडीची मर्यादा दीड टनाची, म्हणजे १५ क्विंटलची. विद्यार्थ्याच्या सांगण्याप्रमाणे हंगामात एकेका खेपेला २५ क्विंटल भरले जात, आणि भरायला सांगणारे मालकच असत.

ड्रायव्हरचा दोष असूच शकत नाही, असे नव्हे. पेडलवर सतत पाय ठेवून गाडी चालवणे, चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे, या सवयी प्लेट लवकर संपवतात. मिस्त्रीने काढलेले भाग आम्हांला दाखवले. प्लेट रिव्हेटपर्यंत सारखी झिजली होती. प्रेशर प्लेटवर अतिउष्णतेचे निळे डागही होते. म्हणजे 'झिजली' खरे आणि 'जळाली'ही काही अंशी खरे. ती उष्णता २५ क्विंटलांची की पायाची, हे मात्र निळा डाग सांगत नाही.

आपल्या साहित्यात झिजण्याचा गौरव फार. चंदनासारखे झिजणाऱ्यांना आपण हात जोडतो. पण त्या झिजेचा हिशेब मागणे आपल्याला अप्रशस्त वाटते. गॅरेजमध्ये तो मागितला जातो. तिथला पेच एवढाच, की भाराचा निर्णय घेणारा हिशेबाच्या वेळी वाक्यात नसतो.

हंगाम संपल्यावर विद्यार्थी वर्गात परतला. कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. परीक्षेची फी त्याने उसनवारीने भरली. नवा क्लच बसला त्या दिवसापासून मात्र तो एका वहीत नोंद ठेवू लागला आहे : तारीख, खेप, भरलेले क्विंटल, भरायला सांगणाऱ्याचे नाव. वहीतले प्रत्येक वाक्य कर्मणी प्रयोगातले आहे, आणि कर्ता एकाही ठिकाणी वगळलेला नाही.