आदली रात्र

सण मोठा की सणाची आदली रात्र मोठी, असे मला कोणी विचारले तर मी बेलाशक आदल्या रात्रीच्या बाजूने मत देईन. सणाच्या दिवशी करंजी खुळखुळते, लाडू बसतो, आणि पाहुणा शेवटचा घास घेताच घड्याळाकडे पाहू लागतो. आदल्या रात्री मात्र लाडू गोल असतात आणि पाहुणे महिनाभर राहणार असतात!

हे शहाणपण मी आजोबांकडून उचलले. आमचे गाव सावली. मूलहून गडचिरोलीकडे निघालात की वैनगंगेच्या अलीकडे लागते. १९३६ साली गांधी सेवा संघाच्या अधिवेशनासाठी गांधीजी येथे आले होते. आजोबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. प्रत्यक्ष गांधीजींविषयी त्यांना फारसे सांगता येत नसे. गर्दीत पुढच्या माणसाची पाठच अधिक दिसली होती. पण आदल्या रात्री कोण काय बोलले, झोप कशी लागली नाही, हे ते ऐंशीव्या वर्षीही तासभर सांगत.

आमच्या घरची अशी रात्र म्हणजे भाऊबीजेची. दुसऱ्या दिवशी सांदवाडीत विटीदांडूचे सामने असतात. सांदवाडी म्हणजे तुमच्याकडचे परस. नागपूर, चंद्रपूर, पुणे, जिकडे जिकडे आमची माणसे पांगली आहेत तिकडून ती येतात. बक्षीस म्हणजे आजीचा पितळी गडवा. जिंकणाऱ्या पक्षाच्या म्होरक्याने तो वर्षभर आपल्या घरी ठेवायचा आणि पुढच्या दिवाळीला घासून आणायचा. खेळणाऱ्यांत सर्वांत धाकटा आठ वर्षांचा आणि सर्वांत थोरला सत्तरीचा.

या रात्रीचा कार्यक्रम ठरलेला. चुलतभाऊ कंदिलाएवढ्या विजेरीच्या उजेडात बाभळीच्या विटीची टोके तासतो. कोणीतरी गल पुन्हा खणून काढतो. पोरे अंथरुणात पडल्यापडल्या घोकत असतात : वकट, लेंड, मूंड, नाल. विटी कधी पायावर, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर ठेवून टोला मारायचा आणि हे आकडे म्हणायचे. या शब्दांचा अर्थ आम्ही कधी विचारला नव्हता. यंदा अमेरिकेहून आलेल्या भाच्याने तो सांगितला. त्याच्या वर्गात एक तेलुगू मुलगा आहे. त्याचे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु ते हेच! आमच्या दक्षिणेला तेलंगण लागून आहे, सिरोंच्याला घरोघर तेलुगू बोलतात, पण आम्हांला ही बातमी सातासमुद्रांपलीकडून कळावी लागली.

याच भाच्याने एक चेंडू आणला आहे. पांढरा, पोकळ, प्लास्टिकचा. एका अंगाला आठ लांबट भोके. १९५३ साली तिकडच्या एका बापाने आपल्या मुलाला घरामागच्या अंगणात खेळता यावे म्हणून तो शोधून काढला. तो फारसा लांब जात नाही, काचा फोडत नाही, आणि हवेत असा वळतो की मारणाऱ्याची फळी नुसती वाऱ्यावर फिरते. त्या हुकण्यावरूनच नाव पडले : विफल बॉल. मोठ्या आईने कपाळाला हात लावला. “दिवाळीच्या दिवसांत विफल कशाला रे बाबा?” पण विटीने डोळा जाण्याची धास्तीही तिलाच सर्वांत जास्त. शेवटी लहानांनी विफल खेळावे आणि मोठ्यांनी विटी, असा तह झाला.

आणखी एक नियम अलीकडे आला आहे. कुंपणापलीकडे धान उभे असते. विटी तिकडे गेली तर एकट्याने जायचे नाही. दोघांनी, काठी घेऊन, मोठ्याने बोलत जायचे. आमच्या तालुक्यात वाघ ही गोष्टीतली चीज नव्हे.

यंदा मात्र सगळ्यांचे लक्ष विटीकडेही नव्हते आणि वाघाकडेही नव्हते. गेल्या उन्हाळ्यात वाडीची मोजणी झाली. हिश्शाचा दगड गलीपासून दोन पावलांवर रोवला गेला. भिंत अजून उठलेली नाही, पण मोठे काका आणि धाकटे काका तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप असला तर मुलांच्या तोंडी जातो. पुढच्या दिवाळीला सामने कोणाच्या वाडीत, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता आणि कोणाच्याच तोंडी नव्हता.

पक्ष पाडायच्या चिठ्ठ्या दरवर्षी मोठी आई टाकते. रात्रीची जेवणे झाल्यावर सगळे ओसरीवर जमले. लांब कुठल्या तरी मंडईत नाटक रंगात आले होते. पेटीचे सूर वाऱ्यावर येत-जात होते. आठ वर्षांच्या पोरीने सुपातून चिठ्ठ्या उचलल्या. मोठे काका उत्तरेच्या पक्षात आले. तीन नावांनंतर धाकटे काकाही उत्तरेलाच! ओसरी एकदम गप्प झाली. मोठी आई सुपातल्या उरलेल्या चिठ्ठ्या फार काळजीपूर्वक सारख्या करू लागली. त्या चिठ्ठ्यांत दैव किती आणि मोठी आई किती, हे कोणी विचारले नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मोठ्या काकांनी पान जुळवता जुळवता, कोणाकडेही न पाहता म्हटले, “त्या लिंबाच्या बाजूची विटी मला दिसत नाही आता. उद्या तू माझ्या मागं राहजो.”

धाकट्या काकांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, “काठी मी आणतो.”

एवढेच. भिंत, दगड, मोजणी, सारे जिथल्या तिथे आहे. उद्या दोघे पहिल्याच डावात बाद होतील, किंवा डाव संपल्यावर पुन्हा पोरांच्या तोंडी निरोप पाठवतील. जाणत्या माणसाने अशा गोष्टींवर फार भिस्त ठेवू नये, हे मलाही कळते. पण आदल्या रात्रीचे हेच तर देणे आहे. तिच्यात माणसांना ‘उद्या’ हा शब्द उच्चारावाच लागतो, आणि तो एकट्याने उच्चारून भागत नाही.