कळकलेला श्वास

गुरू तेगबहादूर नगर स्टेशनात गाडी शिरली की माझ्या तोंडून अजून ‘कोळीवाडा आला’ असेच निघते. स्टेशनाचे जुने नाव तेच होते. बाहेर पडल्यावर मात्र कोळीवाडा शोधावा लागतो. १९४७ च्या फाळणीनंतर इथे पंजाबी-सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. त्यामुळे नाकाला आधी तंदूरचा वास भेटतो, मासळीचा मागाहून. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी लागे. आता या गल्ल्यांतून पाणी दिसत नाही.

अशा या बिनसमुद्राच्या कोळीवाड्यात माझा भाचा राहतो, आणि त्याला वेड समुद्राच्या तळाचे! पाणबुडीविद्या तो तारकर्लीला शिकला. परवा गेलो तर जेवणाच्या टेबलावर त्याचे श्वासाचे यंत्र, म्हणजे रेग्युलेटर, मांडलेले.

“मामा, नेत्राणीला याने मला रडवले.”

नेत्राणी हे कारवारच्याही खाली, मुरुडेश्वरासमोरचे बेट. वरवर श्वास झकास चालला होता. अठरा मीटरवर गेल्यावर मात्र घट्ट ताक बारीक नळीने ओढावे तसा तो ओढावा लागू लागला. असे का व्हावे? दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. अठरा मीटरवर छातीभर हवा घ्यायची तर टाकीतून वरच्यापेक्षा जवळजवळ तिप्पट हवा यावी लागते. वाटेत कुठे चोंदले असेल तर वर ते कळतच नाही. खाली गेल्यावर कळते. वैरी गाठतो तो असा अडचणीच्या जागी!

पोराने डोके शाबूत ठेवले, हे त्याच्या आईचे पुण्य. त्याने दाबाच्या काट्याकडे पाहिले. श्वास घेतला की काटा खाली पडे, सोडला की वर येई. म्हणजे टाकीत हवा भरपूर, पण वाट अरुंद. टाकीची चावी अर्धवट उघडली असली तरी असेच होते. जोडीदाराने ती पाहिली, पूर्ण उघडी होती. मग जोडीदाराचे राखीव मुखयंत्र तोंडात धरून दोघे सावकाश वर आले. घाईने आणि श्वास कोंडून वर येणे हे हवा कमी पडण्याहून वाईट. कोंडलेली हवा फुगून फुप्फुस फाडते. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबले, तेव्हा कुठे बाहेर.

हे चालले असताना शेजारची कोळीण आजी कोळंबीची पाटी घेऊन दारात आली. भाच्याने यंत्राचे टोपण काढून मला आतली गाळणी दाखवली. कांशाची भुकटी दाबून-भाजून केलेली, चवलीएवढी चकती. तिच्यावर हिरवी झाक.

आजीने मान पुढे केली. “अरे, हे तर कळकलंय! कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट ठेवलं की होतं तसं.”

भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मागच्या खेपेला यंत्र धुताना टोपण नीट बसले नव्हते. खारे पाणी आत शिरले आणि गाळणीची भोके बुजली. गाळणी लालसर असती तर टाकीतला गंज समजायचा. हिरवी म्हणजे दोष धुणाऱ्याचा.

“मग घासून टाक की,” मी म्हणालो.

“छे, मामा! पाणी आणखी आतही गेले असेल. सगळे उघडायला शिकलेला कारागीरच हवा.”

त्याने टोपण फुंकून कोरडे केले, लावले, आणि यंत्र पिशवीत भरले. आजी उंबऱ्यावर टेकली होती.

“कोळंबी किती देऊ? मामा जेवून जाणार ना?”