पत्र्याचं घर, विदर्भाचं ऊन (भाग ४)

१७ मे, अमरावतीच्या अलीकडे

डिझेल ३२००. टोल ४१०. पाण्याचे जार दोन, ८०. बर्फ ५०. रस ४०. पंक्चर १५०, आणि त्यात दीड तास उन्हात. दुपारी दोनला बाहेर ४३, गाडीत ४७. रात्री दहाला बाहेर ३५, गाडीत ३९. ढाब्याच्या मोरीत पाणी नाही. डास. झोपते.

१८ मे, सेवाग्राम

दुपारी दोनला बाहेर ४४, गाडीत ४७. रात्री पत्रा लवकर निवतो, पण आतलं प्लायवूड, फोमच्या गाद्या आणि कपड्यांनी ठासलेली कपाटं दिवसभर प्यालेलं ऊन पहाटेपर्यंत ओकत बसतात. ही गाडी बांधणाऱ्या कारागिराने खिडक्या सगळ्या एकाच बाजूला दिल्यात. दुसऱ्या बाजूला म्हणे कपाटं ‘शोभून दिसतात’.

बापूकुटीत जाऊन बसलो. मातीच्या जाड भिंती, वर कौलं, ऊन भिंतीला शिवणार नाही इतकी पुढे आलेली वळचण. दादा भिंतीला तळवा लावून उभा राहिला आणि बराच वेळ हलेना. मग म्हणाला, “यांना बॅटरी लागली नाही.” गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले. वर्ध्याचा मे महिना तेव्हाही वर्ध्याचाच असणार.

संध्याकाळी जुनी गोणपाटं भिजवून छतावर टाकली. तासाभरात वाळली. वीस लिटर पाणी गेलं, पण आतला पारा तीन अंश उतरला. पाणी पुन्हा ८० रुपयांचं. मोरीबद्दल लिहीत नाही.

१९ मे, चंद्रपूर

भांडण. दादाला गाडी कडुलिंबाखाली हवी, मला उन्हात. सावलीत लावली की सोलर पॅनल झोपतात, बॅटरी उतरते, रात्री पंखा बंद. उन्हात लावली की बॅटरी भरते आणि आपण भाजतो. या वादाला उत्तर नाही, हे दोघांनाही माहीत आहे. म्हणून तो रोज होतो. पॅनलचा एक फायदा मात्र नक्की. ते छतापासून चार बोटं वर बसवलेत, मधून वारा वाहतो, त्यामुळे त्यांच्याखालचा पत्रा हाताला सोसतो. उघड्या पत्र्यावर पापड भाजावा.

आज दादाची सरशी झाली. परिणामी समोर २९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र आणि आमची बॅटरी साडेअकरा व्होल्टवर. रात्रभर वर्तमानपत्राने वारा घेतला. डास.

२० मे, नागपूर

पुण्यात बसवून घेतलेला बारा व्होल्टचा कूलर पहिल्यापासून नुसता दमट वारा टाकतोय. आज कॉटन मार्केटच्या बाजूला एक कूलरवाले भेटले. गळ्यात ओला दुपट्टा, समोर गिऱ्हाइकांची रांग, हाताखालच्या पोराला अखंड दम. गाडीत चढले, दोन मिनिटं नुसते उभे राहिले.

“ताई, हे खोकं आतलीच हवा पिऊन राहिलं. तीच ओली हवा फिरून फिरून. थंड कसं होईन?”

कूलरची पाठ बाहेर आणि तोंड आत हवं, बाहेरची कोरडी हवाच ताटीतून यायला हवी. इथवर पटलं. मग त्यांची नजर पलीकडच्या काचेकडे गेली. “अन् हे समोरचं बंद काहून?”

दादा म्हणाला, “थंडावा बाहेर जाईल ना.”

“जाऊ द्या ना बाप्पा! जुनी गेल्याबिगर नवी येईन कुठून?”

मागच्या दाराची खालची फळी काढून त्यांनी तिथे कूलर बाहेर तोंड काढून, म्हणजे पाठ काढून, बसवला. ड्रायव्हरजवळची काच चार बोटं उघडी ठेवायला लावली. छतावरचा पंखा उलटा केला, आता तो हवा बाहेर फेकतो. मी वाळ्याची ताटी मागितली तर हसले. वास दोन दिवस, पैसे मात्र दुप्पट. पाणी जड असलं की क्षार बसून वाळा काय आणि लाकडाचं गवत काय, दोन्ही दगड होतात. गवताचीच घ्या आणि दर वर्षी बदला. स्वतःच्या घरी कोणता कूलर, असं विचारलं. घरी कूलर पोरांना. ते स्वतः संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओततात आणि तिथेच झोपतात.

ताट्या २५०, टिल्लू पंप २००, मजुरी ३००. बाहेर ४४ असताना कूलरच्या तोंडाशी ३१. रात्री मी चादर मागितली. दादाने हे वाक्य वहीत लिहायला लावलं.

२१ मे, नागपूर

तर्री पोहे दोन, ६०. कपडे धुतले, वीस मिनिटांत वाळले. पाणी ८०. कूलर रात्रीत पंचवीसेक लिटर पितो. डास काचेच्या त्याच फटीतून आले. जाळी लावली तर वारा निम्मा होतो.

२३ मे, नागपूर

दुपारी आभाळ आलं, वळवाच्या चार सरी पडल्या, सगळं शहर खूश. आम्ही सोडून. हवा ओली झाल्यावर कूलरचं पाणी वाळेना. गादी चिकट, पीठ सादळलं, माचीस पेटेना. कूलर बंद केला, नुसता पंखा ठेवला. कोकणात कूलरचा धंदा का चालत नाही, ते रात्री दोन वाजता पटलं. परवापासून नवतपा. इथून निघायचं.

२४ मे, चिखलदरा

परतवाड्यानंतर घाट. वळणागणिक दादाच्या कपाळावरची आठी सैल होत गेली. इथे उंची सुमारे ११०० मीटर. अमरावतीपेक्षा साडेसातशेने जास्त, म्हणजे चार-पाच अंश फुकटात. कूलर झाकून ठेवला. कॉफीची झाडं पाहिली. कांदाभजी खाल्ली, उत्तम. स्वयंपाक मात्र बाहेरच करतो. आत शेगडी पेटवली की उष्णता आणि वाफ आपणच विकत घेतो, आणि बंद गाडीत जळता गॅस जिवावर बेततो.

आज वेळ आहे म्हणून पत्राला उत्तर. नाशिकच्या वाचकांनी विचारलंय की सरळ एसी का नाही बसवला? एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट वीज खातो. आमची बॅटरी बारा व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची, म्हणजे काठोकाठ भरली तरी २.४ युनिट. दोन-अडीच तासांत खेळ खलास, आणि पहाट अजून लांब. पंख्याला ३० वॉट पुरतात. तेव्हा गाडी बांधून घेताना कपाटं कशी शोभतात ते नंतर बघा. आधी समोरासमोर दोन खिडक्या आणि छताला हवा बाहेर टाकणारा पंखा मागून घ्या. वाचलेल्या पैशांचं डिझेल भरा आणि मे महिन्यात घाट चढा.

पुढचा भाग धारणीहून.